ढिल्या वाती

पहाटे पाच चाळीसला गिरजाबाई धकाते वॉर्डातल्या खाटेवर वाती वळत होत्या. चौथी वात पुन्हा सुटली.

उमरेडला तीस वर्षं मागावर तुटलेला धागा न बघता जोडणारी त्यांची बोटं केमोने बधिर झाली होती. मग पांढऱ्या पेशी घसरल्या, तोंड आतून सोललं आणि सहा दिवस ताप हटला नाही. पेशी वाढल्या नाहीत तर पुढची केमो देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण घरच्या रामापुढे रोज पाच वाती लावायचा नेम गिरजाबाईंनी मोडला नव्हता. वाती त्या इथे वळत; संध्याकाळी सून प्रियदर्शनी घरी नेऊन लावत असे.

काल तिने फोनवर सांगितलं, "आई, तीनच पेटल्या. दोन ढिल्या होत्या."

ढिल्या! तापापेक्षा ते जास्त झोंबलं.

"आजी, हा ड्रेसिंगचा कापूस आहे!" सिस्टर मोनाली समोर उभी होती.

"मंग घरचा काहून आणू देत नाही वं?"

"इन्फेक्शन होते ना!"

"मी काय वाती खाऊन राहिली?"

सिस्टर चिडून गेली आणि तिने कापसाचं नवं पाकीट आणून आदळलं. "आधी हात धुवा."

हात धुऊन गिरजाबाईंनी वळलेल्या वाती उलगडल्या आणि नव्या कापसाच्या पाचही वाती घट्ट वळायला घेतल्या.

उद्या सकाळी सहाला पेशी मोजायला रक्त काढतील. वाती त्याआधीच वळाव्या लागतील, कारण नंतर उजव्या हाताला सलाईन लागतं.