भाऊसाठी प्रार्थना चालू आहे

माझा थोरला भाऊ माझ्याहून बराच मोठा. आई-बाबा लवकर गेले, तेव्हा त्यानेच मला वाढवलं आणि आलापल्लीजवळच्या आमच्या गावातून चंद्रपूरला नर्सिंग शिकायला पाठवलं. तिथे मी ख्रिस्ती झाले. ही बातमी सांगायला गावी गेले तेव्हा मोठा तमाशा होणार, असं धरून मी सगळी उत्तरं पाठ केली होती. भाऊ धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी वर आला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की या देवाला कोंबडं चालतं का. चालत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. म्हणजे कोंबडं पूर्ण आपल्यालाच, असं म्हणून तो परत बांधीत उतरला. माझी उत्तरं तशीच राहिली.

तेव्हापासून मी रोज त्याच्या तारणासाठी प्रार्थना करते. हे मी त्याला सांगायला नको होतं. एकदा त्याची म्हैस जंगलात गेली ती परतलीच नाही, तेव्हा त्याचा फोन आला. माझ्यासाठी रोज मागतेच आहेस, तर त्यातच म्हशीचंही घाल, म्हणाला. म्हैस दुसऱ्या दिवशी आपण होऊन गोठ्यात आली. भाऊ मात्र होता तिथेच.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तो आमच्याकडे चंद्रपूरला राहायला आला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. रिकामं बसणं त्याला जमत नाही, त्यामुळे दर शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनासभा भरते, ती त्याला बरी सापडली. सभा चालवतात त्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक आजी. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी दारातून "जयख्रिस्त" म्हटलं, भाऊने खाटेवरून "रामराम" केला. त्याला न पाहताच बाई कित्येक वर्षं त्याच्यासाठी प्रार्थना करत होत्या. आता त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, की मोठा कठीण माणूस असेल असं वाटलं होतं, हा तर हसून राह्यला.

शेवटच्या आमेननंतर पोहे येतात, हे भाऊच्या पहिल्याच शुक्रवारी लक्षात आलं. आमच्यातले एक काका फार लांब प्रार्थना करतात. काकांनी श्वास घ्यायला उसंत घेतली, की भाऊ मोठ्याने आमेन म्हणायचा. एकदा तर काका खरंच थांबले. मला जमिनीत जावंसं वाटलं. डोळे किलकिले करून पाहिलं, तर बाईंचे खांदे हलत होते. पुढे त्याला आमेनची गोडीच लागली. भाजीवालीने भाव कमी केला तरी आमेन, लाइट आली तरी आमेन.

एका शुक्रवारी स्वर्गाचा विषय निघाला. भाऊने आधी नेहमीची थट्टा केली. तिथे धान लावायला माणसं लागतात का, असं विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरी, आई-बाबाले तर हे काहीच माहीत नव्हतं. ते तिथी नसतीन, तर मी कायले येऊ?"

हाच प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला होता, आणि दर वेळी घाईघाईने दुसऱ्या कामाला लागले होते. काका बायबलची पानं उलटू लागले, तशी बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंचे यजमान जन्मभर चर्चच्या फाटकापर्यंतच आले, तेही पाऊस असला की छत्री घेऊन. तसेच गेले. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "माझा मानूस कुठी हाय, हे सांगाचं काम देवानं मले देलं नाई. शेवटच्या घडीले देवानं त्याले काय म्हटलं, ते मी काही दारामागून आयकलं नाई. पन तो माह्याहून दयाळू हाय, एवढं मले माहीत हाय. मी आस धरून हाओ. तुमीबी धरा."

भाऊने मान हलवली. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच धास्ती वाटली. पोहे मात्र त्याने दोनदा घेतले, तेव्हा जिवात जीव आला.

तो गावी परतला. बाप्तिस्मा नाही, काही नाही. नाताळला तो घरचे तांदूळ घेऊन येतो, ऐकू कमी येतं म्हणून चर्चमध्ये अगदी पुढे बसतो आणि आमची गीतं गावच्या भजनाच्या चालीत आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणतो. चर्चच्या पाळकसाहेबांना वाटतं, आता झालंच. मला तसं वाटून कितीतरी नाताळ गेले.

गेल्या वर्षी वहिनीला मलेरिया झाला. ताप डोक्यात चढला म्हणून तिला तिकडच्याच दवाखान्यात भरती केलं. मी ड्यूटीवर असताना भाऊचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "मले मागता येत नाई," तो म्हणाला. "तू माग. मी फोन कानाले लावून ठेवतो."

मी वॉर्डाच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली. झाल्यावर पलीकडून काहीच येईना, फक्त गाड्यांचा आवाज. फोन कटला असं वाटून मी हाक मारली.

"हाओ, हाओ, इथीच हाओ," तो म्हणाला. "मीबी एक गोष्ट सांगून राह्यलो होतो त्याले."

मी विचारलं, काय सांगितलं.

"ते तुले काऊन सांगू?"

वहिनी बरी होऊन घरी आली. मी तिच्याकडूनही काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिलाही त्याने पत्ता लागू दिला नाही. इतकी वर्षं भाऊची आणि देवाची ओळख व्हावी म्हणून मीच देवाच्या मागे लागले होते, आणि आता ते दोघे मला बाजूला ठेवून बोलतात, याचा मला थोडा रागच आला. तो राग घेऊन मी बाईंकडे गेले. बाई हसल्या, माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, की आता तू जरा उगी राह्य.