दोन अंड्यांचं वजन

माझा मामा काटेवाला. मालाच्या गाड्या जमिनीतल्या ज्या मोठ्या वजनकाट्यावर चढतात, त्या काट्याच्या केबिनमध्ये बसून पावत्या फाडणारा. सत्तावीस वर्षं त्याने एकच काम केलं. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, आणि वजाबाकी करून निव्वळ माल किती ते लिहायचं. ड्रायव्हर त्याला 'ग्रॅमसाहेब' म्हणत, कारण टनांच्या काट्यावर बसून हा किलोचीही सूट देत नसे. जादा भरलेली गाडी दिसली की खिडकीतून ओरडायचा, "ओव्हरलोड! मागे घे!" मग ड्रायव्हर हात जोडो नाहीतर शिव्या देवो, पालथ्या घड्यावर पाणी.

असा माणूस वजनात चुकला, आणि त्या चुकीत माझाही हात आहे. म्हणून हे लिहितेय.

आईचं यकृत निकामी होत आलं होतं. कोणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. माझा रक्तगट जुळला नाही. मी बाबांवर गेलेय, आणि बाबांना जाऊन बारा वर्षं झाल्यावर त्या दिवशी मला त्यांचा राग आला. मामाचा जुळला. मामा आईहून सहा वर्षांनी लहान. लहानपणी अगदी काडी होता म्हणे. घरात प्रत्येकाला एकच अंडं मिळायचं, तेव्हा आई आपलं गुपचूप त्याच्या ताटात सरकवायची. "ताईच्या अंड्यांवर वाढलंय हे यकृत, तिचंच आहे," असं तो डॉक्टरांनाही सांगून आला.

घोडं अडलं ते त्याच्या वजनापाशी. ब्याण्णव किलो, आणि यकृतावर चरबी. दहा आठवड्यांत बारा किलो उतरवा, मग बघू, असं ठरलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की फार थांबायला आईकडे वेळ नाही.

आहाराच्या बाईंकडे त्या दिवशी मीच गेले, कारण मामाला रजा नव्हती. त्यांनी दोन पानं दिली. पहिल्यावर काय बंद करायचं आणि दिवसाला किती काय खायचं ते होतं. दुसऱ्यावर कोणत्या पदार्थात किती प्रोटीन असतं त्याची यादी. "नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर अंगातला स्नायूही जातो," त्या म्हणाल्या. "म्हणून किलोमागे सव्वा ग्रॅम. त्यांचं वजन ऐंशीवर आणायचंय ना, म्हणजे रोज शंभर."

मी लगेच मामाला फोन लावला. तेवढ्यात आईला तपासणीला नेत होते, तिची चप्पल सापडत नव्हती. मी घाईघाईत सांगितलं, "गोड, तळलेलं, भात बंद. प्रोटीन दिवसाला शंभर ग्रॅम. कागद नंतर देते." तो म्हणाला, "शंभर. ठीक." कागद आईच्या फाइलमध्ये राहिला. मी तो दिला नाही. विसरले, दुसरं काही कारण नाही.

मामाने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला. दोन अंडी त्यावर ठेवली. बरोबर शंभर ग्रॅम. झालं. सकाळी दोन उकडलेली अंडी खाल्ली की त्याच्या लेखी दिवसाचं प्रोटीन भरलं. नंतर काकडी, पालेभाजी, बिनदुधाचा चहा. एका रविवारी तो आमच्याकडे आला तेव्हा आई भिंतीला धरून उठली आणि तिने त्याच्या बशीत तिसरं अंडं ठेवलं. त्याने ते परत सरकवलं. "नको ताई, ओव्हरलोड होईल."

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले.

वजन भराभर उतरत होतं. दर रविवारी त्याचा आकडा यायचा आणि आई तो कॅलेंडरवर लिहायची. केबिनच्या आठ पायऱ्या चढताना तो दोनदा थांबतो, फाटकाची साखळी ओढायला ड्रायव्हरला हाक मारतो, हे त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, "वजन उतरताना होतं तसं." उंटावरची शहाणी मी.

दहाव्या आठवड्यात एकोणऐंशी भरले. नवा शर्ट घालून तो तपासणीला आला, आणि शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी त्याला मुठीची ताकद मोजायचं, हाताने दाबायचं यंत्र दिलं. त्याने दात ओठ खाऊन दाबलं, तरी काटा जेमतेम हलला. रक्ताचे अहवाल बघून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"चरबी गेलीय, पण स्नायूही गेलाय. यांना आत्ता कापलं तर जखम भरून येणार नाही. मला एकाऐवजी दोन रोगी नकोत."

आहाराच्या बाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, "रोज काय खात होतात?"

"शंभर ग्रॅम, मॅडम. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. दोन अंडी काट्यावर ठेवूनच खायचो."

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, अंडं पन्नास ग्रॅमचं असतं, पण त्यात प्रोटीन सहाच ग्रॅम. बाकी बरंचसं पाणी. तुम्ही दिवसाला बारा ग्रॅमवर होतात. भाज्यांचं धरलं तरी वीसच्या आसपास."

"म्हणजे मी गाडीसकट धरलं," मामा म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं की कागद माझ्याकडेच होता. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "सत्तावीस वर्षं मी दुसरं काय केलं गं? मला कागद कशाला लागावा?"

सहा आठवडे मिळाले. आता यादी भिंतीवर लागली. सकाळी तीन अंडी आणि वाडगाभर दही, दुपारी कोंबडी किंवा मासे, चार वाजता चणे, रात्री घट्ट डाळ आणि पनीर. शिवाय पाण्याचे कॅन उचलायचे. आई दवाखान्यातून फोन करायची, "काय खाल्लंस?" आणि तो मास्तरांपुढे उभा असल्यासारखा एकेक सांगायचा. पाचव्या आठवड्यात तिची शुद्ध मधूनमधून हरपू लागली. ती मला ओळखायची नाही, पण त्याला विचारायची, "जेवलास का रे?" मग तो तिच्या पलंगाशी बसून डबा उघडायचा आणि तिच्या देखत खायचा. घास गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तरी डबा संपवायचा.

सहाव्या आठवड्यात त्याने यंत्र दाबलं आणि काटा सरकन वर गेला. रक्तही ठीक आलं. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर सही केली आणि आम्हाला बसायला सांगितलं. आईच्या छातीत जंतुसंसर्ग झाला होता. आता तिला शस्त्रक्रिया सोसणार नव्हती. मामा ती सही हातात धरून बाकावर बसून राहिला.

आई आठ दिवसांनी गेली.

त्यानंतर दोन दिवस मामाने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दोन अंडी उकडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातात घेतली, उठला आणि ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ठेवली. आकडा आला शंभर.

"बारा," तो म्हणाला.

मग एक अंडं सोलून त्याने माझ्या ताटात सरकवलं.