पिवळी चिठ्ठी

चिठ्ठीमावशीशी पहिली गाठ पडली की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटू लागे. चष्म्यावरून ती अशी बघे की आतली आतडी सरळ होऊन बसत. एका पहिलवानाने तर नुसता पत्ता विचारायला येऊन तिला जीभ काढून दाखवली होती.

दवाखान्याच्या दाराशी तिचं टेबल, त्यावर दोन गठ्ठे. पांढरी चिठ्ठी साध्या डॉक्टरांची. ते तापापासून मोडलेल्या बोटापर्यंत सगळं बघत. पिवळी हृदयाच्या डॉक्टरांची. ते फक्त छाती बघत आणि उरलेला वेळ पेपर. पांढऱ्यांची रांग फाटकापर्यंत गेली तरी हृदयवाल्यांची खोली मोकळी ठेवायची, हा मावशीचा बावीस वर्षांचा नेम. ते रिकामे बसलेत हेच त्यांचं काम, असं ती कुरकुरणाऱ्यांना सुनावी.

त्या दिवशी मात्र एका निवृत्त मास्तरांनी गुडघ्यांवरून दोन तास तिचं डोकं खाल्लं. वैतागून तिने त्यांच्या हातावर पिवळी चिठ्ठी ठेवली. ते आत गेले, दार लागलं.

पाचच मिनिटांत तिचा धाकटा भाऊ आला. शर्ट घामाने चिकटलेला, ओठ निळसर, डावा हात उजव्याने असा धरलेला की जणू तो दुसऱ्याचाच. आत मास्तर, साध्या डॉक्टरांपुढे एकेचाळीस माणसं. दार ठोठावावं तर आपली चूक आपल्याच तोंडाने कबूल करायची. न ठोठावावं तर पुढचं तिला मनातही म्हणवेना.

"ताई, मी बसतो रांगेत," भाऊ बाकाला टेकत म्हणाला. "तुझ्याकडे वशिला चालत नाही ना."

थट्टाच होती, पण तेवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. मावशी टेबल सोडून धावली. दार ढकललं.

"मास्तर, उठा," ती कशीबशी म्हणाली. "बाहेर माझा भाऊ आहे."

"अहो, पण अजून डावा गुडघा राहिलाय."

तिने त्यांना बखोट धरून उठवलं. डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघूनच बाहेर पळाले. भावाला आत नेलं, दार पुन्हा लागलं. पाऊण तास ती त्या दाराशी पिवळा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. रांगेतल्या कोणीही चिठ्ठी मागितली नाही.

भाऊ वाचला. मास्तरांनी डाव्या गुडघ्याबद्दल लेखी तक्रार केली, आणि मावशीची बदली चादरींच्या कोठीत झाली.