वनाझ ते वाघोली, जिभेच्या तुकड्यासह

वनाझच्या मेट्रो स्टेशनवर सरकत्या जिन्याने आम्ही वर चढत होतो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन छपराखालून आत येत होतं, आणि माझ्या पर्समध्ये माझ्याच जिभेचा एक तुकडा होता. नखापेक्षाही लहान, मेणाच्या छोट्याशा वडीत बसवलेला. कॅन्सरच्या तपासणीसाठी काढलेला तुकडा असा मेणात जपून ठेवतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर ती वडी आणि काचेच्या स्लाइड आपणच लॅबमधून मागून घ्यायच्या आणि तिकडे न्यायच्या, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. मेण उन्हाने वितळेल या धास्तीने आमच्या ह्यांनी ती वडी घरी आणल्यापासून फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवली होती. आमच्याकडे अंडी येत नाहीत. फ्रिज घेतल्यापासून तो कप्पा रिकामाच होता, त्याचा शेवटी काहीतरी उपयोग झाला.

मी कोथरूडला राहते आणि दहावीच्या मुलांची संस्कृतची शिकवणी घेते. शब्दरूपं लिहून घेत नाही, तोंडाने म्हणवून घेते. आधी मी, मागून मुलं. जिभेच्या डाव्या कडेला एक चट्टा आला होता. दात लागला असेल म्हणून मी मध लावत बसले आणि तो काही बरा होईना. मग घराजवळच्या सर्जननी सांगितलं की हा कॅन्सर आहे आणि जवळजवळ अर्धी जीभ काढावी लागेल. मरणाची भीती वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती गप्प होण्याची वाटली. आयुष्यभर मी बोलतच आले आहे आणि माझं बोलणं फारसं गोड नाही, असं ऐकतही आले आहे. तरी ते माझं आहे. म्हणून भाचीने नाव सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे निघालो होतो.

त्या बसतात वाघोलीला. आम्ही कोथरूडकर लकडी पूल ओलांडायचा तर आदल्या दिवशी ठरवतो. वाघोली म्हणजे परदेशच. ह्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या, दहीभात, नॅपकिन आणि छत्री घेतली होती. पावसाचं चिन्ह नव्हतं.

मेट्रो निघाली आणि शहर खाली राहिलं. कित्येक दिवस धड झोप नव्हती, त्यामुळे काचेबाहेरचं सगळं मला पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. ज्या रस्त्यावर मी तीस वर्षं रिक्षावाल्यांशी वाद घातले तो रस्ता वरून अगदी मुका आणि शहाणा दिसत होता. गच्च्यांवर पापड वाळत होते, एक बाई केस पुसत उभी होती, कोणीतरी टाकीवर चढून आत वाकून बघत होतं. मग नदी आली. पाणी थोडंच होतं, पण त्यावर बगळे होते, आणि गाडी वळणावर इतकी हळू झाली की आपण उतरून त्यांच्यात जाऊन बसलो तरी कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. पेठा, कोर्ट, स्टेशन, पुन्हा नदी. मी मनातल्या मनात देव शब्दाची रूपं म्हणत होते. जीभ टाळूला कुठे लागते, दातांना कुठे लागते, ते तपासत होते. इतकी वर्षं ती बिचारी काम करत होती आणि मी तिच्याकडे कधी बघितलंही नव्हतं.

रामवाडीला मेट्रो संपते. तिथून नगर रस्त्याची बस घेतली आणि उभ्याने धक्के खात थोडं पुढे गेल्यावर बसायला जागा मिळाली. ह्यांचा डोळा लागला, मग माझाही. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना इमारती संपून कांद्याची शेतं सुरू झाली होती. आम्ही घाईने उतरलो. थांब्यावर भाजीची पाटी घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांना दवाखाना विचारला.

"त्यो मागं ऱ्हायला की," त्या म्हणाल्या. "कुनाला दाखवायचंय?"

"मला."

"काय हाय?"

घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आम्ही 'तोंडात जरा त्रास आहे' एवढंच सांगितलं होतं. इथे त्या मोकळ्या माळावर मी सरळ म्हणाले, "कॅन्सर आहे. जिभेचा."

त्या बाई दचकल्या नाहीत. "आमच्या जावंला बी झाला हुता, गळ्याचा," त्या म्हणाल्या. "हाय अजून. भांडती बी माझ्याशी." मग त्यांनी हात करून एक वडाप (जागा असो-नसो, माणसं भरून नेणारी गाडी) थांबवलं आणि आम्हाला त्यात जवळजवळ ढकललंच. 'कॅन्सर' हा शब्द मोठ्याने उच्चारल्यावर मला एकदम हलकं वाटलं होतं आणि वाघोली येईपर्यंत मी ड्रायव्हरशी कांद्याबद्दल गप्पा मारल्या.

दवाखाना नवाकोरा होता, भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. खिडकीवरच्या बाईंनी स्लाइड आणि मेणाची वडी घेतली. वडी गार लागल्यावर त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं. "फ्रिजमध्ये होती," हे अभिमानाने म्हणाले. "काका, बाहेर ठेवली तरी चालते," त्या म्हणाल्या. ह्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची बाजू घ्यावी लागली. मग डॉक्टरांनी आत बोलावून आरसा लावून, बोट घालून जीभ नीट तपासली आणि सांगितलं की इथले पॅथॉलॉजिस्ट आजच स्लाइड बघतील, तुम्ही दुपारी या.

मधला वेळ कसा काढायचा? रस्त्यापलीकडे रसवंती होती. चरकाला घुंगरं बांधलेली, बाकांवर कडुनिंबाची सावली. आलं-लिंबाने जिभेला झोंबतं म्हणून मी नुसता रस मागितला. तो इतका गार आणि गोड होता की मी डोळे मिटले. घुंगरं वाजत होती, समोरच्या रस्त्यावरून ट्रकांची रांग जात होती, आणि मला वाटलं, आपण सहलीला आलोय, संध्याकाळी घरी जाऊन सगळ्यांना सांगायचं की चूक झाली होती, काही नाहीये. ह्यांनाही तसंच वाटत असावं, कारण ते मधेच म्हणाले, "लॅबची चूक होऊ शकते." मी म्हटलं, "होऊ शकते." त्यांनी माझ्यासाठी आणखी एक ग्लास सांगितला. दहीभात तिथेच खाल्ला.

दुपारी डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. चाळिशीच्या, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा.

"काकू, स्लाइड आम्ही पुन्हा बघितल्या. तिकडच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच मी सांगणार आहे."

"म्हणजे अर्धी?"

"जवळजवळ. मनगटाची कातडी घेऊन तिथे नवीन भाग बसवू. खबरदारी म्हणून मानेतल्या गाठीही काढायच्या. कॅन्सर अजून पसरलेला दिसत नाही, म्हणून उशीर करू नका. ऑपरेशन तिकडे करा, इकडे करा, पण करा."

"बोलता येईल?"

"येईल. लोकांना कळेल. पण पूर्वीसारखं नाही, हे आधीच सांगते. र, ल, ट, ड, ण, ळ, ष यांना त्रास होईल."

एक ल सोडला तर सगळी मूर्धन्य व्यंजनं, मी मनात म्हणाले. दरवर्षी जूनमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते ती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हे माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते.

डॉक्टरांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या तरुण वाचा-उपचारतज्ज्ञ ऑपरेशनआधी पेशंटचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. नंतर बोलणं शिकवताना तो उपयोगी पडतो. मी आकडे म्हटले, वार म्हटले, एक श्लोक खणखणीत म्हटला. शिकवणारी बाई आहे, संधी कशी सोडणार.

"आता घरातल्यांची नावं घ्या."

मी मुलाचं नाव घेतलं, सुनेचं, बहिणीचं, भाचीचं. "आणि हे," मी म्हणाले.

"हे म्हणजे?"

मी हसले. आमच्या घरात नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नाही. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी काही म्हणायच्या आत हे माइककडे वाकून म्हणाले, "मी बाळकृष्ण." आणि ते तसंच रेकॉर्ड झालं.

दुसरं मत घ्यायच्या नावाखाली माणूस वेगळं उत्तर मागायला जातो, हे मला परतीच्या बसच्या खिडकीशी कळलं. मिळालं पहिलंच. पण सकाळी ज्याच्यावर माझा विश्वास बसत नव्हता ते आता माझं झालं होतं आणि पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत होते. ऑपरेशन घराजवळच करायचं, तेही आम्ही तिथेच ठरवलं.

रामवाडीला उतरून फलाटावर पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. हे नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे चालत होते, छत्री काखेत, दोन रिकाम्या बाटल्या पिशवीत. त्यांचं नाव माझ्या आवाजात कुठेच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ळ, ष, ण. जिभेला इतकी कामं लावणारं नाव दुसरं नसेल.

"बाळकृष्ण," मी हाक मारली.

ते चालतच राहिले. मी पुन्हा, जरा मोठ्याने मारली. शेजारून जाणारी एक मुलगी त्यांना म्हणाली, "काका, तुम्हाला बोलावतायत."

ते वळले. आधी माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. "काय गं, काही राहिलं का?"

"नाही. नुसतं नाव घेऊन बघितलं."

गाडी आली, दारं उघडली, माणसं आत शिरली. हे जागचे हलले नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

ती गाडी आमच्याशिवाय गेली. पुढची गाडी येईपर्यंत मी म्हणत होते आणि ते ऐकत होते.

ऑपरेशन आता तोंडावर आलं आहे. तोपर्यंत घरात 'अहो' बंद, असं ठरलं आहे. त्यांना अजून सवय झालेली नाही. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ते पेपर खाली ठेवतात आणि कोण आलंय ते बघायला दार उघडायला जातात.