सळई तिरकी खुपसणारा माणूस

अन्याय झाला तो श्रीलंकेतल्या शांतिसेनेतून जखमी होऊन परतलेल्या एका जवानावर, १९८९च्या श्रावणात, घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीत. पायाची जखम भरली, म्हणून त्याला घरी पाठवलं. झोप लागते का, हे कुणीही विचारलं नाही. मी तेव्हा फौजदार होतो. ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

साकीनाक्याच्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली होती. खबऱ्याने टीप दिली, "साहेब, चाळीतला एक जण उजाडताच मैदानात सळई खुपसत फिरतो. माल पुरलाय नक्की." आम्ही त्याला उचलला.

ठाण्यात तो ताठ उभा. विचारलं, "काय पुरलंयस?"

"मी नाही पुरलं."

"मग कोणी?"

बाहेर बाकावर त्याची बायको रडत होती, "सायबानू, ह्ये चोर नाय हो! नोकरी आत्ताच लागली हा ह्येंका. चोर म्हटल्यार कोण ठेवतलो?"

हवालदार हसला. "सगळ्या बायका हेच म्हणतात."

जागा दाखव म्हटलं, तर लगेच तयार झाला. दोन पंच घेऊन आम्ही मैदानाशी पोचलो. मी पुढे पाऊल टाकलं आणि त्याने मला मागे खेचलं. हवालदाराने दंडुका उगारला.

"साहेब, इथला भाग तपासायचा राहिलाय," तो म्हणाला. "माझ्या पावलावर पाऊल ठेवा."

मग तो चिखलात पालथा पडला आणि सळई तिरकी, अलगद खुपसू लागला. माल शोधणारा माणूस सळई सरळ ठोकतो. हा सुरुंग शोधत होता. घाटकोपरमध्ये! चाळीतली पोरं खेळायला उतरायच्या आत रोज मैदान साफ करत होता.

पंचांपैकी एक गणेश मंडळाचे अध्यक्ष होते, गिरणीतून बाहेर पडलेले. ते म्हणाले, "सोडा साहेब. आमचा माणूस आहे. तपासू दे त्याला रोज, पोरं थांबतील. आणि यंदा मिरवणुकीत सुतळी बॉम्ब बंद. कोणी लावलाच, तर त्याचं थोबाड फोडतो."

तार पुढे भंगारवाल्याकडे सापडली, चोर वेगळाच निघाला. पण जवानाची नोंद 'संशयित' म्हणून झाली होती. ती मी त्याच दिवशी डायरीत दुरुस्त केली आणि त्याच्या मालकाला स्वतः जाऊन सांगितलं. मनाच्या डॉक्टरकडे दर आठवड्याला त्याच्यासोबत चाळीतलं कोणी ना कोणी जात राहिलं, आपला खाडा करून. त्यांना हे कुठल्या कायद्याने सांगितलं नव्हतं.

विसर्जनाला मी बंदोबस्तावर होतो. फटाका एकही नाही, नुसते टाळ. गणपती त्या जवानाच्या डोक्यावर. मैदानाच्या कडेला तो थबकला. अध्यक्ष पुढे झाले, चिखलात पाय दाबत म्हणाले, "ये रे, माझ्या पावलावर ये." मागोमाग सगळी चाळ पुढे सरसावली, त्याच्यासाठी वाट उमटवत. तो चालला.

त्या चाळीचे उपकार मी विसरलेलो नाही. गुन्हेगार कसा ओळखायचा, हे खात्याने शिकवलं; दुखावलेला माणूस कसा ओळखायचा, हे त्यांनी.

तुमच्याही इमारतीत फौजेतून आलेला कोणी असेल. विचित्र वागतो म्हणून ठाण्यात फोन करू नका. आज संध्याकाळी त्याचं दार वाजवा. झोप लागते का, विचारा. नाही म्हणाला, तर डॉक्टरकडे त्याच्यासोबत तुम्ही जा.