मंदामावशी आणि भोपळ्याचा शेंडा

मंदा लहान असताना तिच्या आईबापाची भोपळ्यावरून जुंपली होती. बाप ओरडला, "शेंडा खुडून वेल मारलास की!" आई म्हणाली, "मेलाय कुठं? हा शेंडा वरून खालच्या डोळ्यांना, म्हणजे निजलेल्या कोंबांना, निरोप धाडतो, 'गप निजा, मीच वाढणार.' तो खुडला, की बघा कसे फुटतात!" मंदानं ते ऐकलं आणि पुढं जन्मभर टेमघर गावात लोकांचे वेल न विचारता खुडले. शेंड्यांची भाजी मात्र तिच्या घरी शिजायची.

गेल्या वर्षी शेजारच्या यामिनीच्या वेलाला नुसती पानं. तिचा नवरा श्रीनाथ म्हणाला, "महिनाअखेरीस उपटतो." दुसऱ्या दिवशी शेंडा गायब.

"मंदामावशी, भाजीसाठी माझा वेल कापलात?"

"न्हाय गं पोरी! भाजी माझी, भोपळे तुझे. पंधरा दिवस थांब."

पंधरवड्यात बाजूनं चार फांद्या फुटल्या, आणि एका कळीखाली बोराएवढा भोपळा दिसला. श्रीनाथनं मांडव वाढवला.

यंदा मंदा फार थकली होती, तरी काठी टेकत आली. यामिनी मुद्दाम तिच्याकडं पाठ करून कपडे वाळत घालत राहिली. मंदानं इकडंतिकडं पाहिलं, शेंडा खुडला, पदराखाली दडवला आणि निघाली. ती तिची शेवटची खेप.