जसं बोलली तसं लिही

माझा मित्र शिरपूरचा. दूरच्या शहरात डॉक्टरी शिकत होता. दुसरं वर्ष संपताना त्याला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण दोन्ही कान गेले. डॉक्टरीच्या शाळेनं कळवलं, कानांवाचून रोगी तपासता येतो असं एखाद्या अनुभवी डॉक्टरानं लिहून दिलं तरच पुढच्या सत्रात बसता येईल. नाहीतर नाव कमी होईल.

मी पत्रकं वाचून वाढलेला माणूस. त्याच दिवशी शाळेविरुद्ध जळजळीत पत्रक लिहून काढलं. त्यानं ते शांतपणे वाचलं आणि घडी करून माझ्या खिशात घातलं.

"छापलंस तर नाव तुझं होईल आणि शाळेतून जाईन मी. त्यापेक्षा माझ्याबरोबर धुळ्याला चल."

धुळ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. सगळे त्यांना नाना म्हणत. ते म्हणाले, सुट्टीभर इथं रोगी तपासू दे, मग पत्राचं बघू. मित्रानं तपासायचं आणि रोगी बोलेल ते मी पाटीवर लिहून त्याला दाखवायचं, असं ठरलं. दोन आठवडे बरे गेले. मला वाटे, हे काम आपण फार उत्तम करतो.

मग शिरपूरकडची एक बाई आली. तिशीची असेल, पण चार पावलं चालून धापा टाकत होती. मित्रानं विचारलं, "अक्का, काय होतंय?"

"काय सांगू भाऊ, झोप येस, पन आडं पडता येत नही. आडी पडनू का दम कोंडस. रातभर भितले टेकीसन बठी ऱ्हास."

मी पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलं: रात्री झोप येत नाही.

मित्रानं वाचलं आणि झोपेचं औषध लिहायला घेतलं. मागच्या खुर्चीतून नाना गरजले, "काय हो पत्रकवाले! बाई काय बोलली?"

"झोप येत नाही म्हणाली."

"झोप येते म्हणाली ती! आडवं पडलं की दम कोंडतो, म्हणून भिंतीला टेकून बसून राहते. तू तिची भाषा सुधारलीस आणि तिचा रोगच पुसून टाकलास."

माझे कान तापले. गोरगरिबांच्या बाजूनं मी पानंच्या पानं लिहिली होती. पण समोर बसलेल्या बाईचं बोलणं मला तिच्या शब्दांत लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. मी पाटी पुसली आणि तिला म्हटलं, "अक्का, परत सांगा." ती हसली. "ह्या भाऊले भी ऐकू येत नही का?" या वेळी तिचा शब्द न् शब्द लिहिला, 'भितले' आणि 'बठी'सकट.

मित्रानं पाटी वाचली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. मग तिला विचारून पदरावरूनच हृदयाच्या जागी तळहात ठेवला. बराच वेळ. "नाना, हाताखाली घुरघुर लागते. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. हृदयाचं दार नीट उघडत नाही हिचं."

नानांनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. तिचं औषध त्यांनी त्यालाच लिहायला लावलं.

सुट्टी संपताना नानांनी पत्र सांगितलं, मी उतरवून घेतलं. हा विद्यार्थी रोगी तपासू शकतो. रोग्याचे शब्द न बदलता लिहून देणारा एक सोबती मात्र त्याच्या शेजारी द्यावा. 'न्याय' हा शब्द घालावा म्हणून माझा हात शिवशिवला, पण घातला नाही. हे पत्र पुढे शाळेनं मानलं. त्या दिवशी मात्र आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

नानांनी सही केली. मित्र पाया पडायला वाकला आणि उठताना त्याचे डोळे भरून आले. नाना त्याला काहीतरी म्हणाले. त्याला ते कळलं नाही. मी सवयीनं पाटी ओढली, तर नानांनी ती माझ्या हातातून घेतली. एकेक अक्षर जुळवत त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं:

'रड नंतर. बाहेर रोगी बसलेत.'